घर नंबर सतराचा ताबा

पुनर्वसन कार्यालयाचंच पुनर्वसन व्हायचं होतं, आणि या विनोदावर अहमदपुरात कोणालाही हसू येत नव्हतं. वरून कागद आला होता: उपकार्यालय एप्रिलअखेर बंद, सगळं दप्तर नांदेडला. वाघदरा गाव तलावाखाली गेलं त्याच साली लातूर नवा जिल्हा झाला. तेव्हा गावाच्या फायली उस्मानाबादहून लातूरला आल्या, तिथून अहमदपूरला, आणि आता नांदेडला चालल्या होत्या. चौतीस वर्षांत फायलींना तीन घरं मिळाली. गावातल्या एक्केचाळीस माणसांना एकही मिळालं नाही.

अव्वल कारकून वीरण्णाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्याला लातूर हवं होतं. बायको महादेवी तिथे एकटी, गुडघ्यांनी जेरीस आलेली. त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी येत होतं, आणि गल्लीत टँकर आला की घागरी घेऊन पळायला घरात दुसरं माणूस नव्हतं. साहेबांनी फोनवर रोखठोक सांगितलं होतं, "प्रलंबित प्रकरणं शून्य करा आणि लातूरची ऑर्डर घ्या. एक जरी राहिलं, तर त्या फायलीबरोबर तुम्ही नांदेडला."

नियम सरळ होता. रेकॉर्डवरच्या पत्त्यावर नोटीस न्यायची. घरी कोणी नसेल तर दाराला चिकटवायची, दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या. सात दिवसांत माणूस समक्ष हजर झाला नाही की प्रकरण नस्तीबंद, म्हणजे कायमचं मिटलं. इतकी वर्षं अडचण एकच होती. एक्केचाळीस जणांचा पत्ता वाघदऱ्याचा, आणि वाघदरा पाण्याखाली. यंदा दुष्काळाने तलाव तळाला गेला आणि गाव वर आलं. सुंठीवाचून खोकला गेला, असं वीरण्णाला वाटलं.

तो नोटिसा लिहीत होता त्या दिवशी केवळाबाई समोरच बसली होती. सत्तरीची विधवा, धान्यबाजाराच्या मोंढ्यामागे पत्र्याच्या खोपीत राहणारी. तारेने बांधलेल्या चपला दाराबाहेर काढून दर बाजाराला आत यायची आणि एकच विचारायची.

"माझ्या प्लाटाचं काही आलं का, साहेब?"

"येईल, मावशी."

"गाव उघडं पडलंय म्हणं?"

"हाव."

"माही चौकट हाय का बघा बरं तिथं. सागाची व्हती. काढायला टाइमच भेटला न्हाई."

नवी जागा मिळाली नव्हती, म्हणून तिचा पत्ता कधी बदललाच नव्हता. घर नंबर सतरा, मौजे वाघदरा. वीरण्णाच्या हाताखाली तिचीच नोटीस होती. हात लांब करून ती तिला दिली असती, तर बाई तिथल्या तिथे हजर झाली असती, प्रकरण जिवंत राहिलं असतं, आणि तो नांदेडला गेला असता. त्याने नोटिशीवर कोपर ठेवलं. हा नीचपणा आहे हे त्याला कळत होतं. कळूनही त्याने कोपर उचललं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो, शिपाई दगडोबा आणि जीपचा ड्रायव्हर बसवंत वाघदऱ्यात उतरले. तलावाचा तळ भेगाळला होता. घरांची छपरं गेलेली, भिंती छातीइतक्या उरलेल्या. मोजणीच्या वेळी डांबराने घातलेले नंबर मात्र काळेभोर होते. दगडोबाने माठातलं पाणी घालून कणकेची खळ शिजवून आणली होती. पिण्याचं पाणी कागदाला पाजावं लागतंय म्हणून तो वाटभर कुरकुरत होता.

सतरा नंबर वीरण्णाने शेवटी ठेवला. बाकी घरांची दारं-चौकटी लोकांनी जाताना काढून नेल्या होत्या. इथे सागाची चौकट उभी होती. खळ संपली होती.

"ऱ्हाऊ द्या, साहेब," दगडोबा म्हणाला. "जिती बाई हाय ती. बाजाराला येतीच की."

"रेकॉर्डला पत्ता हाच हाय."

वीरण्णाने कोरडा कागद चौकटीला टेकवला. दगडोबा भांडं खरवडू लागला, पण गरज पडली नाही. कागद घट्ट बसला. चौकट ओली होती. खाली कुठेतरी झरा असेल, असं वीरण्णा म्हणाला. दगडोबा आणि बसवंत यांनी पंच म्हणून सह्या केल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने कार्यालयाचं कुलूप काढलं, तर टेबलावर एक नोटीस पडलेली. त्यानेच चिकटवलेली, घर नंबर एकची. 'नोटीस पोचली' या ओळीखाली चिखलाचा अंगठा होता, आणि कागद चिंब भिजलेला.

"हे तू आणलंस?"

"मी कशाला आणू? आन् भिजवायला पाणी कुठलं, साहेब?"

चौथ्या दिवशी नऊ आल्या. नंतर रोज येत राहिल्या, घरांच्या क्रमाने. वीरण्णाने त्या खिडकीत उन्हाला ठेवल्या. त्या उन्हात मिरच्या तासाभरात कडकडीत व्हायच्या. नोटिसा वाळल्या नाहीत. दारापासून टेबलापर्यंतची फरशी ओलसर राहू लागली आणि खोलीत गाळाचा वास बसला. त्याने फायली काढून नावं ताडली. अंगठे देणाऱ्यांपैकी बहुतेकांचे मृत्यूचे दाखले त्याच फायलींत लावलेले होते.

दगडोबाने बाहेरच्या बाकाजवळचा माठ उचलून आत नेला.

"का रे?"

"त्यांला कशाला लागतंय पाणी?" दगडोबा म्हणाला आणि बिडी ओढायला गेला.

वीरण्णाने स्वतःला समजावलं. कोणीतरी खोडी काढतंय. आणि अंगठे आले तरी समक्ष कोणी आलेलं नाही, म्हणजे नियमाने प्रकरणं बंदच. सहाव्या दिवसापर्यंत चाळीस नोटिसा आल्या. सतरा नंबरची तेवढी आली नाही.

सातवा दिवस बाजाराचा होता. केवळाबाई आली नाही. इतक्या वर्षांत तिचा बाजार चुकला नव्हता.

अकरा वाजता वीरण्णाला बसवेना. त्याने नवी नोटीस लिहिली, पत्त्यात मोंढ्यामागची खोप घातली, आणि तिच्या हातात द्यायला निघाला. नांदेड तर नांदेड, असं त्याने खरोखर ठरवलं होतं.

खोपीला कडी होती. शेजारची पार्वतीबाई म्हणाली, "ती गेली की. सहा दिस झाले. तुमच्या डायवरनं टपरीवर सांगितलं ना, केवळाबाईच्या दाराला सरकारचा कागद लावलाय म्हून. लई खूश झाली. म्हनली, सरकारनं माझं घर मानलं एकदाचं. बोचकं घिऊन गेली."

बसवंतने जीप थेट वाघदऱ्यात नेली. तिथे वारा नव्हता.

सतरा नंबरचा उंबरा सारवलेला होता. पुढे सडा घातलेला, ओला. तीन दगडांच्या चुलीत राख होती. कोपऱ्यात बोचकं. बाहेर तारेने बांधलेल्या चपला.

चौकटीवर कागद नव्हता.

"मावशी!"

आतल्या भिंतींवर, वीरण्णाच्या डोक्याच्याही वर, ओलीची सरळ रेघ होती. आठवड्यापूर्वी या भिंती छातीइतक्या होत्या. तो त्यांच्याकडे बघत राहिला.

"साहेब, चला," बसवंत बाहेरूनच म्हणाला.

कार्यालयात एक्केचाळिसावी नोटीस टेबलावर होती. चिखलातला अंगठा बारीक होता, बाईमाणसाचा.

पोलिसांत जायला हवं होतं. तो टेबलाशी बसला. महादेवीचे गुडघे आठवले, टँकर आठवला, ऑर्डर आठवली. त्याने पेन काढलं आणि बाईची चौकशीच निघू नये म्हणून अंगठ्याशेजारी लिहिलं, 'ताबा मिळाला. तक्रार नाही.' ओल्या कागदावर शाई फुटली. कोणत्या जागेचा ताबा, हा रकाना त्याने कोरा ठेवला. तिथे लिहायला काही नव्हतंच.

प्रलंबित शून्य. चार दिवसांत लातूरची ऑर्डर आली.

महिन्याभराने, सकाळी लातूरच्या घरी तो डबा पिशवीत घालत असताना नांदेडहून रेकॉर्डचा मलप्पा फोनवर आला.

"साहेब, तुमचा वाघदऱ्याचा गठ्ठा वाळता वाळंना. काल वाळला बघा. सतरा नंबरचा जागेचा रकाना कोरा हाय म्हून तुम्हाला विचारणार व्हतो. पर वाळल्यावर अक्षरं वर आली. तुमचंच अक्षर हाय."

"काय लिहिलंय?"

मलप्पाने वाचून दाखवलं. घर नंबर, गल्ली, लातूर. वीरण्णा ज्या घरात उभा होता, त्याच घराचा पत्ता होता.

"अहो," महादेवी दारातून म्हणाली, "सडा कुणी घातला हो? प्यायला थेंब न्हाई घरात."

तो बाहेर आला. उंबऱ्यापुढची माती ओली होती. बाजूला तारेने बांधलेल्या चपला काढून ठेवल्या होत्या.

महादेवी त्याच्या शेजारीच उभी होती. आतून केर काढल्याचा आवाज येत होता.