कोपरा फाटलेलं कार्ड

राज्यांच्या नव्या वाटणीत नागपूर तिकडे गेलं आणि पांढुर्णा इकडे मध्यप्रदेशात राहिलं, त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. तिगावपुढच्या एका वस्तीवर प्रभाकर मास्तर शाळा चालवायचा आणि शाळेच्या पडवीतच टपालही बघायचा. भर दुपारी थैली आली की पोरांना पाढे म्हणायला लावायचे, लाखेची मोहर फोडायची आणि शाळा सुटली की पत्रं घरोघर पोचवायची. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचूनही दाखवायची. त्या दुपारीही तो याच कामाला बसला होता.

थैलीत श्रीकांतचं कार्ड निघालं. इटलीहून आलेलं.

श्रीकांत हा शकुबाईचा एकुलता एक मुलगा. तो आणि प्रभाकर नागपूरला एका खोलीत राहून शिकले, एकाच स्टोव्हवर खिचडी शिजवली. परदेशी श्रमदानाला विद्यार्थी हवेत असं कळलं तेव्हा दोघांनीही अर्ज केला. मार्क प्रभाकरचे जास्त, आणि निवड झाली श्रीकांतची. बोटीच्या सगळ्यात स्वस्त जागेवर सतरंजी अंथरून तो गेला. मालमोटारींना हात दाखवत फिरला, गोठ्यात गवतावर झोपला. आता दोन वेळच्या जेवणावर कुठल्याशा डोंगरी गावाचा पुरात वाहून गेलेला रस्ता बांधत होता. त्याचं पहिलं कार्ड वाचलं तेव्हा अख्खी वस्ती शकुबाईच्या अंगणात जमली होती. वाचणाऱ्या मास्तरकडे मात्र कोणी ढुंकून पाहिलं नाही. प्रभाकरच्या पोटात असं दुखलं की घास उतरेना. खोटं कशाला सांगू, श्रीकांतचं वाईट व्हावं असं त्याला वाटत नव्हतं. ते सगळं आपलं असायला हवं होतं, एवढंच.

या दुसऱ्या कार्डावर निळं तिकीट होतं आणि त्यावर पुलाचं चित्र. निदान एवढं तरी आपल्याला मिळू दे, असं मास्तरच्या मनात आलं. तिकीट ओलं करूनही निघेना, तेव्हा त्यानं कार्डाचा कोपराच फाडला आणि आपल्या पत्र्याच्या डबीत टाकला.

आपल्याकडे मरणाच्या पत्राचा कोपरा फाडतात, हे शेंबडं पोरही जाणतं. मास्तरनं तर असली कितीतरी पत्रं स्वतः वाटली होती. पण हेवा डोळ्यांवर आला की माणसाला हातातलं दिसत नाही.

शकुबाई बागेत संत्री निवडत होती. तिनं कार्ड पाहिलं आणि ओच्यातली संत्री घरंगळत गेली.

"कोपरा..." ती म्हणाली.

"अवो मावशी, टपालात फाटला असन. खुशाल आहे तो. वाचतो ना मी."

"तू मले समजवून राहिला, बापू."

त्यानं पुन्हा पुन्हा वाचलं. तिनं ऐकलं नाही. तिकिटासाठी मीच फाडला, एवढं एक वाक्य पुरे होतं. ते ओठांवर आलंही. पण मग डबी उघडून दाखवावी लागली असती, आणि मास्तर श्रीकांतवर जळतो हे वस्तीभर झालं असतं. शकुबाई विहिरीवर गेली आणि नेसत्या लुगड्यानिशी तिनं डोक्यावरून सुतकाचं पाणी घेतलं, जिवंत मुलाच्या नावानं.

पंधरा दिवसांनी तिसरं कार्ड आलं. मोहर प्रभाकरनं स्वतः फोडली, तरी कार्डाचा कोपरा आधीच फाटलेला होता. बिनतिकिटाचं कार्ड बैरंग व्हायला हवं, पण त्यावर दंडाचा शिक्का नव्हता, आणि तारीख तर आजचीच होती. कार्डाला विहिरीतल्या शेवाळाचा वास येत होता.

'प्रभाकर, वाचणार तूच, म्हणून तुलाच लिहितो. पंधरा दिवस झाले, इथं कोणी माझ्याशी बोलत नाही. मी हाक मारतो, ते मान वळवत नाहीत. माझं ताट वाढत नाहीत. डोक्यावरून सारखं पाणी ठिबकतं... एक जागा रिकामी झाली म्हणतात. निघण्याआधी मी श्रमदानाच्या कचेरीत तुझं नाव देऊन ठेवलं होतं. तुझे मार्क जास्त होते रे. आता तुला बोलावतील.'

ते कार्ड त्यानं शकुबाईकडे नेलं नाही. श्रीकांतनं आपलं नाव दिलं होतं, हे वाचून त्याला स्वतःचीच किळस आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी थैलीत एकच कार्ड होतं, त्याच्याच नावाचं. निवड झाली, निघून यावं. आयुष्यात त्याला एवढंच हवं होतं. कार्डाचा कोपरा फाटलेला होता.

डबी घेऊन तो धावतच बागेत गेला.

"मावशी, तो कोपरा म्याच फाडला होता. तिकिटासाठी. मले त्याचं पाहवलं नाही."

त्यानं डबी उघडली. आत एक कोपरा असायला हवा होता. तीन होते.

शकुबाई रागावली नाही. तिनं डबीत पाहिलं, मग त्याच्या हातातलं कार्ड पाहिलं.

"श्रीकांतले मी तरी होती," ती हळूच म्हणाली. "तुह्या घरी कोन आहे रे, आंघोळ कराले? थांब... मीच करतो."

ती विहिरीकडे निघाली.

"मावशी, नका..."

तिनं मान वळवली नाही. त्यानं पुन्हा मोठ्यानं हाक मारली. बांधावरून दोन बाया जात होत्या, त्यांनीही पाहिलं नाही. विहिरीवर रहाट करकरला. बादली अजून वर आली नव्हती, आणि प्रभाकरच्या केसांतून पाणी ठिबकायला लागलं.