दोन बोटांची पट्टी

मसूर गावच्या बाजारात दुधाचा टेम्पो मागे येता येता हेमलता काळुंखेंच्या गाडीला धडकला, तेव्हा त्या मागच्या सीटवर डबा उघडून जेवत होत्या. धक्का फार मोठा नव्हता. भाजीचा रस तेवढा पदरावर सांडला. टेम्पोवाला धावत आला, पुढच्या बंपरवरून हात फिरवून म्हणाला, "तळहाताएवढा पोचा आलाय, मॅडम, आणि एक ओरखडा. पॉलिश मारलं की जाईल."

गाडीला मात्र ते पटलं नाही. "स्पर्शलेप दुखावला आहे," ती आपल्या शांत आवाजात म्हणाली. "सात दिवसांत दुरुस्ती न झाल्यास वाहन बंद राहील." आणि ताशी दहा किलोमीटरच्या वेगाने ती हेमलताबाईंना कऱ्हाडला घेऊन निघाली. पुढच्या सीटवर कोणीच नव्हतं.

सव्विसाव्या वर्षी डोळे गेले तरी हेमलताबाईंनी फिजिओथेरपी सोडली नव्हती. उलट, आखडलेला स्नायू कुठे सैल पडतोय हे त्यांच्या बोटांना डोळसांपेक्षा लवकर कळायचं. पण रोग्याला दवाखान्यात यावं लागायचं, आणि ज्यांना चालताच येत नाही ते येणार कसे? सहा वर्षांपूर्वी ही चालकाविना गाडी घेतली आणि बाई स्वतः वाड्यावस्त्यांवर जाऊ लागल्या. तिचे कॅमेरे टपावर होते. रस्ता, वाहनं, वळणं त्यांना दिसत. नाकासमोरचं, अगदी खालचं मात्र त्यांना दिसत नसे. ते काम बंपरवरच्या लेपाचं. हातभर अंतरावर कुठलाही जिवंत जीव आला की त्याच्या शरीरातल्या विजेची चाहूल त्या लेपाला लागे आणि गाडी जागच्या जागी थांबे. मात्र लेपाचा प्रत्येक भाग फक्त आपल्या थेट समोरचंच ओळखे.

दुसऱ्या दिवशी त्या साताऱ्याला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेल्या. तिथली इंजिनियर ऋजुता वयाने लहान होती आणि तिचं बोलणं आर्जवी होतं.

"पोचा काढायला किती?" बाईंनी विचारलं.

"पोचा नाही काढता येत, मॅडम. लेप सलग असतो, त्याला ठिगळ लागत नाही. अख्खा बंपर बदलायचा. चार लाख साठ हजार. विम्यातून बरेचसे मिळतील."

"मग बदला. दुसरा इलाज काय?"

ऋजुताने आवाज खाली आणला. "नव्या बंपरबरोबर गाडीत नवी प्रणाली बसवावी लागते. ती फक्त मान्यताप्राप्त रस्त्यांवर चालते. पट्टे आखलेले, नकाशात नोंदवलेले. तुमची गाडी शेतांच्या वाटांवरून शिकलीय, ते सगळं पुसलं जाईल."

बाईंनी आपल्या अकरा रोग्यांची गावं एकेक करून सांगितली. ऋजुताने नकाशात पाहिलं. तीन बसत होती.

"आणि उरलेल्या आठ जणांचं?"

"त्यासाठी आमच्या अंदाजपत्रकात काहीच नाही, मॅडम." ती हे इतक्या हळू म्हणाली, की बाईंना तिच्यावर रागवताही आलं नाही.

ओगलेवाडीला युनूस मुल्लाणींचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. चाळीस वर्षं त्यांनी पोचे काढले होते; आता बंपर कोणी दुरुस्त करून घेत नसल्यामुळे दिवसभर बाकावर बसून असत. बाईंचं सगळं ऐकून ते म्हणाले, "ताई, ही जात माझ्या हाताखालून गेलेली नाही. पण बघू."

भंगारातल्या एका गाडीवरून त्यांनी लेपाचे तुकडे सोडवून आणले. गरम हवेने पोचा मऊ करून आतून उचलला. खरी कसोटी पुढे होती. गाडी तपासणीवर ठेवली की जिवंत लेपाजवळ बोट नेताच ती बारीक शीळ घालायची. लेप मेलेला असेल तिथे गप्प बसायची. हेमलताबाई बंपरसमोर पाटावर बसल्या आणि एकेक बोट सरकवत राहिल्या.

"इथे थांबली."

युनूसभाई तिथे खडूची खूण करत, तुकडा बसवत, कडा मिळवत. पुन्हा बोट, पुन्हा खूण. असे तीन दिवस गेले. या तीन दिवसांत दोघंही बऱ्याच काळाने मनापासून हसली. चौथ्या दिवशी दुपारी युनूसभाई हात पुसत म्हणाले, "डाव्या अंगाला, खाली, दोन बोटं रुंद पट्टी मेलेलीच राहिली. वीतभर लांब असंल. तिथं तुकडा धरतच नाही."

"चाचणी घ्या."

गाडी म्हणाली, "स्पर्शलेप समाधानकारक. वाहन वापरास योग्य."

"बघा, ती हो म्हणतेय."

"ती सरासरी काढते, ताई. मला पट्टी दिसतेय."

"आठ घरं आहेत, युनूसभाई."

युनूसभाईंनी रंगाचा डबा उघडला. त्यांनी रंगाचा हात मारला आणि किल्लीचं कार्ड बाईंच्या हातात ठेवलं.

तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. चौथ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, गाडी येडगे वस्तीच्या अंगणात शिरली. तिथे आर्वी राहायची. वय आठ, जन्मापासून पाय ताठ. दोन वर्षांच्या मेहनतीनंतर महिनाभरापूर्वी ती पहिल्यांदा स्वतःच्या बळावर रांगली होती. आता गाडीचा आवाज आला की ती उंबऱ्यातून निघून सामोरी येई.

चाकाखाली काहीतरी मऊ आलं. गाडी थांबली नाही. दोन हात पुढे जाऊन नेहमीच्या जागी उभी राहिली. "आपण पोहोचलो आहोत," ती म्हणाली.

बाई दार उघडून खाली उतरल्या. बाहेर कोणी ओरडलं नव्हतं, आणि त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली. "कोमल! काय झालं? कोमल!"

"काही न्हाई, बाई," आर्वीची आई धापा टाकत म्हणाली. "करडू हुतं. कालच झालेलं. निजलं हुतं वाटंत."

"आर्वी कुठाय?"

कोमलचा आवाज खाली आला. "करडाला उचलायला निघाली हुती. म्या पाय धरून वढली मागं."

बाई मातीत गुडघ्यांवर बसल्या. हात पुढे करून त्यांनी आर्वीला शोधलं, तिचे खांदे, कोपर, बोटं, सगळं चाचपलं. पोर हुंदके देत होती. अंगावर कुठे खरचटलंही नव्हतं. मग त्यांनी तिला रांगायला लावून तिचं डोकं जमिनीपासून किती उंच येतं ते वितीने मोजलं, आणि गाडीकडे वळून बंपरची मेलेल्या पट्टीची खालची कड मोजली. दोन्ही सारखंच भरलं.

"करडाचं काय मनाला लावून घेता, बाई," कोमल म्हणाली. "तुमी येत जावा."

बाईंनी त्याच दिवशी ऋजुताला फोन करून बंपर बदलायला सांगितलं.

नवा बंपर गुळगुळीत होता. कुठेही बोट न्या, शीळ अखंड वाजे. गाडी तीन घरी जायची आणि परत यायची. येडगे वस्तीचं नाव घेतलं की म्हणायची, "हे स्थान उपलब्ध नाही." डांबरी रस्त्याच्या फाट्यापर्यंत ती जाई, पण तिथून वस्ती चार किलोमीटर आत, चढाची. कोमलने दोनदा आर्वीला पाठीवर घेऊन फाटा गाठला. तिसऱ्यांदा तिची कंबर धरली. भाड्याची रिक्षा त्या वाटेने यायला तयार होईना. मग फोनवरून सांगणं सुरू झालं. बाई शब्दांत व्यायाम सांगत, कोमल ऐकून करी.

पावणेदोन महिन्यांनी एका सकाळी कोमलचा फोन आला. आर्वी आता रांगत नव्हती. मागे तिचं कण्हणं ऐकू येत होतं.

"बाई, ढोपार सरळच हुईना. लई ताठलंय."

"हाताला कसं लागतंय, कोमल? दोरीसारखं की लाकडासारखं?"

"मला न्हाई कळत ओ, बाई."

हेमलताबाईंचा मोकळा हात खुर्चीच्या दांडीवरून उचलला गेला आणि हवेत तसाच राहिला. दोरी असेल तर ताणायला हवं होतं. लाकूड असेल तर ताणलं की हाड मोडणार होतं.

"बाई, ऐकताय न्हवं? पोर रडाय लागलीय," कोमल म्हणाली. "जोर लावू का सोडू?"