थोरलीची बाजू

जळकोटात धोंडाबाईच्या वाकळींचं नाव होतं. दिवाळी सरली की अहमदपूर, हदगावकडून फोन यायचे आणि जुन्या लुगड्यांची गाठोडी ओसरीवर येऊन पडायची. धोंडाबाईला मोतीबिंदू, सुई हातात दिली तरी दिसत नसे. जीभ मात्र शाबूत होती आणि तिच्यावरच दोन सुनांचा कारखाना चालायचा. थोरली वर्षाराणी एका काठाकडून शिवत यायची, धाकटी दीपाली समोरच्या. मध्ये दोघींची गाठ पडली की वाकळ झाली. वर्षाराणी डावखुरी, त्यामुळे तिचा टाका डावीकडे कलायचा, दीपालीचा उजवीकडे. गिऱ्हाइकाला तीच नक्षी वाटायची.

कार्तिकात वर्षाराणीला ताप भरला. "एवढी वाकळ होऊ दे, मग जाऊ दवाखान्यात," धोंडाबाई म्हणाली. वाकळ अर्धी राहिली आणि वर्षाराणी गेली. तेरावा उरकून धोंडाबाईचे दोघे मुलगे ट्रॅक्टर घेऊन पुन्हा साखर कारखान्यावर गेले.

"मेलेल्या माणसाची अर्धी शिवण उसवायची असती, आत्या," दीपाली सासूला म्हणाली.

"आन् पुन्हा कोण शिवील, तुझी आई? गप पुढं शिव."

दीपाली शिवू लागली. दुसऱ्या सकाळी पाहते तर थोरलीच्या बाजूची शिवण वीतभर पुढे आलेली. टाका डावीकडे कललेला. दीपाली बारावी शिकलेली. तिचा भुतांवर विश्वास नव्हता, सासूच्या कपटावर होता. पण आंधळ्या डोळ्यांनी सासू काय शिवणार? तिनं शिवणाच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली मंगळसूत्रात अडकवून झोपली. सकाळी दार उघडलं तर आत बामचा वास कोंडलेला. वर्षाराणी तापात कपाळाला बाम चोळायची. शिवण आणखी पुढे आली होती.

त्या दुपारी, खोलीत लख्ख ऊन असताना, दीपालीनं दोरा ओढला आणि पलीकडून कापड ताणलं गेलं. टाका सैल पडला की वर्षाराणी असंच ताणून धरायची.

दीपाली धावत ओसरीवर आली. "आत्या, अक्का पलीकडून वढायलीय!"

धोंडाबाई शेंगा फोडत होती. "टाका कसा हाय?"

"काय?"

"बारीक हाय का ढोबळ?"

"बारीक. पहिल्यापेक्षा बारीक."

"मग वरडायलीस कायला? ताणून धर."

त्या दिवसापासून धोंडाबाई बंद खोलीत थोरलीसाठी वेगळी वाकळ अंथरू लागली. सकाळी ती शिवून तयार असे. "जित्तेपणी एवढं काम करत न्हवती," धोंडाबाई खुशीत म्हणायची. "आता च्या न्हाई मागत, माहेर न्हाई मागत." दीपालीला रडू यायचं. बिचारी मेल्यावर तरी सुटायला हवी होती.

शेवटी एका दुपारी ती कात्री घेऊन बसली. थोरलीचा एक टाका तोडला.

पलीकडून कण्हणं ऐकू आलं. तापात वर्षाराणी कण्हायची, अगदी तसं.

कात्री हातातून गळाली. संध्याकाळी दीपालीचं अंग फणफणलं.

"आत्या, दवाखान्यात न्या. लई जळायलंय."

धोंडाबाई चाचपडत उशाशी येऊन बसली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच तिनं दीपालीच्या केसांवरून हात फिरवला.

"नेऊ की. घाई काय हाय?"

उठताना तिनं दीपालीचा मोबाईल उचलून नेला. बाहेरून कडी लागली.

थोड्या वेळानं ओसरीवर मोबाईल वाजला. धोंडाबाईचा आवाज गोड झाला होता.

"हाव, घेते की आर्डर. कितीबी सांगा. न्हाई, माणसं कमी न्हाईत. आठवडाभर दम धरा फक्त. मग दोघीबी रातंदिस शिवतील."