चौथी मूठ

श्रावणातल्या कानबाईच्या रोटाचे, म्हणजे देवीच्या प्रसादाच्या पोळ्यांचे, गहू मंजुळा मोजत होती. घरात जितके पुरुष, तितक्या सव्वा मुठी, ही त्यांच्या घराण्याची रीत. पहिली सासऱ्यांची, दुसरी नवऱ्याची, तिसरी परदेशी असलेल्या दिराची. तीन झाल्या आणि मंजुळाने डोळे मिटून चौथी मूठ सुपात सोडली!

खाटेवर बसलेले तिचे सासरे, चुडामण आबा, दचकले.

"हाई चौथी मूठ कोनी शे, मंजुळा?"

पदराचं टोक तिने दातांत घट्ट धरलं होतं.

या घरात ती सून म्हणून आली त्याच वर्षी सासूबाई गेल्या आणि तीन वर्षांचा धाकटा दीर पियुष तिच्या पदरात पडला. स्वतःची कूस उजवली नाही, पण त्या पोराने तिला आईपणाची उणीव कधी भासू दिली नाही. दोंडाईच्याच्या शाळेतून तो धुळ्याच्या कॉलेजात गेला आणि तिथून थेट अमेरिकेला. तिथे त्याला बेसबॉलचं वेड लागलं. वेड म्हणजे कसलं, निळ्या टोपीवाला त्याच्या तिथल्या शहराचा संघ हरला की स्वारी जेवायची नाही! विटीदांडूत हरल्यावर लहानपणी रुसायचा, अगदी तसाच. हा खेळ त्याने वहिनीलाही फोनवरून शिकवला आणि सामने दिसावेत म्हणून आपलं खातं तिच्या मोबाइलवर चालू करून दिलं.

आणि मग, काही वर्षांपूर्वी, त्याचं ते लग्न झालं. मोहिनी दुसऱ्या जातीची. फोटो बघूनच मंजुळाला ती आवडली होती, पण आबा कडाडले, "ती बाई मना घरनी पायरी चढाव नही!" आबांचं हृदय आधीच नाजूक, आणि पियुष तर बापाला देव मानणारा. हे शब्द त्याच्या कानी गेले असते, तर बापलेक आयुष्यभरासाठी तुटले असते... म्हणून मंजुळाने काळजावर दगड ठेवला आणि फोनवर सांगितलं, "आबांचं काही नाही रे, मलाच चालणार नाही. मी तिच्या हातचं पाणी घेणार नाही."

"वहिनी, तू?" एवढंच तो म्हणाला होता. आबा तेव्हा याच खाटेवर बसून ऐकत होते, आणि गप्प राहिले होते.

तेव्हापासून दर रविवारी त्याचा फोन यायचा तो आबांना. वहिनीची साधी चौकशीही नाही! पण रागाच्या भरात तो ते खातं बंद करायला विसरला होता. तिकडे संध्याकाळी सामना सुरू झाला की इकडे सकाळ असायची. मंजुळा मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि भाकरी थापता थापता बघायची. यंदा चैत्रात संघ उमेदीने खेळला, वैशाखात सारखा हरला. त्या दिवसांत घास तिच्याही घशाखाली उतरेना. पोर आज उपाशी झोपणार, हीच चिंता! सातव्या डावात तिकडची माणसं उभी राहून गाणं म्हणतात, तेव्हा ही बाईही ओट्यापाशी उभी राहायची. गाणं कळायचं नाही, पण पियुष उभा असेल ना!

गेल्या आठवड्यात कुणीतरी टोला हाणला, गर्दी उसळली, आणि कॅमेरा फिरता फिरता एका माणसावर थांबला. पियुष! थोडा सुटलेला, चष्मा लागलेला, शेजारी हसणारी मोहिनी. त्याने दोन्ही हातांनी एक तान्हुलं उंच धरलं होतं, झबलं वर सरकलं होतं आणि कमरेला काळा करदोडा दिसत होता. परमुलखातही पठ्ठ्याने पोराला करदोडा बांधला होता! तव्यावरची भाकरी करपून गेली, तरी मंजुळा पडद्याकडेच बघत राहिली.

"मंजुळा, मी काय इचारस?" आबांचा आवाज चढला.

"तुमना नातूनी मूठ शे, आबा..." तिचा बांध फुटला. "पियुषले पोऱ्या व्हयना. मी देखं त्याले, मॅचमा. कानबाईना रोटमा त्याना वाटा नको का?"

आबांनी स्वतःच पियुषला फोन लावून स्पीकर चालू केला.

"तुले पोऱ्या व्हयना, आन् बापले सांगं नही?"

पलीकडून पियुष कोरडेपणाने म्हणाला, "वहिनीच्या तोंडून माझ्या बाळाबद्दल काही वावगं ऐकायचं नव्हतं मला, आबा. म्हणून नाही सांगितलं."

मंजुळाने तोंडावर हात दाबून धरला. आबांनी मोबाइल तोंडाजवळ धरला.

"ती नही बोलनी रे कधीच... मी बोलनू व्हतू! मन्हं पाप तिनी सोतावर लिधं, आन् मी म्हतारा आठे बशीसन ऐकत ऱ्हायनू!"

फोनमधून हुंदका ऐकू आला. "वहिनी... वहिनी, बोल ना माझ्याशी!"

आणि इतक्या वर्षांनी बोलायची वेळ आली, तेव्हा मंजुळाच्या तोंडून काय निघावं?

"पोऱ्याले लीसन तिसरा बेसकडली पुढली रांगमा बठू नको रे! तुना संघना तो डावरा मारस, तव्हय चेंडू सरळ तथाच येस!"

"तुला... तुला कसं ठाऊक आम्ही कुठे बसतो?"

"बठ्ठ्या मॅचा देखस मी, एक बी सोडस नही."

त्यानंतर पियुष असा रडला की मोहिनीला त्याच्या हातून फोन घ्यावा लागला. ती घाबरत घाबरतच म्हणाली, "वहिनी, रोट फक्त घरच्यांनीच खायचा असतो, असं हे सांगतात... मग मी?"

मंजुळाने उत्तरासाठी आबांकडे पाहिलं. आबांनी मान खाली घातली.

रविवारी रात्री कानबाईपुढे पंगत बसली. मोबाइलच्या पडद्यावर ती तिघं होती. आधी पुरुषांनी खायचं, बायकांनी मागून, असंच या घरात आजवर चालत आलेलं. मंजुळाच्या नवऱ्याने, रुपचंदने, वडिलांपुढे ताट ठेवलं. आबांनी रोट मोडला, हातातला तुकडा क्षणभर तसाच धरला, आणि कण्हत उठून दाराशी उभ्या असलेल्या सुनेच्या हातावर ठेवला.

"पहिला तुना," ते म्हणाले. "आन् दुसरा मोहिनीना. ती येवाव शे, तवलोंग झाकी ठेव."