वामन थांबायला शिकला

त्या काळात कानात एक छोटा मणी घातला की जगातली कुठलीही भाषा मराठीत ऐकू येत असे, आणि आपण बोललेले मराठी समोरच्याला त्याच्या भाषेत ऐकू जात असे. तरीही कऱ्हाडचे शिराळकर आजोबा बहात्तराव्या वर्षी स्पॅनिश शिकत होते. कशासाठी, हे त्यांच्या नातीला, मिहिकाला, ठाऊक होते. तिला पडलेले कोडे वेगळेच होते. स्पॅनिश शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मते आजोबा फार हुशार विद्यार्थी होते. त्यांच्या नावापुढे हिऱ्याचे चित्र लागले होते. मग त्यांना एक साधे वाक्य का बोलता येत नव्हते?

त्या रविवारी संध्याकाळीही तेच झाले. भिंतीवरच्या स्क्रीनवर चिलीमधली सकाळ दिसत होती. नंदिता आत्या तिकडे एका वेधशाळेत (दुर्बिणींतून आकाशाचा अभ्यास करतात ती जागा) काम करी. तिच्या मांडीवर पाच वर्षांची अमाया बसली होती. अमाया घरी आणि शाळेत स्पॅनिशच बोले. मराठी तिला दोन-चार गाण्यांपुरते येई.

अमायाने आजोबांकडे पाहिलेच नाही. ती त्यांच्या मागच्या खिडकीच्या पडद्याकडे पाहत होती.

"दोंदे एस्तास?" तिने हाक मारली. (कुठे आहेस?)

हा तिचा आणि शरयू आजीचा खेळ होता. आजीने पन्नाशी उलटल्यावर, लेकीचे लग्न झाले तेव्हा, स्पॅनिश शिकून घेतले होते. कॉल लागला की ती त्या पडद्यामागे जाऊन उभी राही. अमायाने हाका मारायच्या, आजीने जरा वाट पाहायला लावायची, आणि मग पडदा सारून म्हणायचे, "आकी एस्तॉय!" (इथे आहे मी!) पक्षाघात झाल्यावर आजीचे बरेचसे शब्द गेले, पण चाकाच्या खुर्चीतून पडद्यामागे जाणे आणि ते दोन शब्द शेवटपर्यंत राहिले.

जानेवारीत आजी वारली. आत्याने अमायाला तसे सांगितले, तिच्या वडिलांनीही सांगितले. अमाया ऐकून घेई आणि रविवार आला की पुन्हा पडद्याला हाक मारी. आजी कऱ्हाडच्या घरात लपली आहे आणि त्या घरात आजोबा राहतात, तेव्हा खरे काय ते आजोबांनाच माहीत, असा तिचा हिशेब होता. आजोबांनी एकदा मणी लावून तिला सांगून पाहिले. मण्याने त्यांचे वाक्य बिनचूक स्पॅनिशमध्ये, बातम्या वाचणाऱ्या माणसाच्या आवाजात म्हटले. अमायाने दोन्ही कान झाकून घेतले. ही पेटी बोलते आहे, आजोबा नाहीत, असे ती रडत म्हणाली. तेव्हापासून मणी डबीत होता.

आजोबांनी घसा साफ केला. "ला अबुएला…" (आजी…) ते म्हणाले आणि थांबले.

त्यांच्या खुर्चीशेजारी वामन उभा होता. वामन म्हणजे घरातला यंत्रमानव. उंचीला जेमतेम कमरेइतका, म्हणून आजीने त्याचे नाव वामन ठेवले होते. आजोबा थांबताच त्याने पुढचा शब्द हळूच पुरवला. आजोबांनी तो म्हटला आणि पुन्हा अडकले. वामनने त्याच्या पुढचा दिला. अमाया आता वामनकडे बघू लागली होती. तिसऱ्या शब्दाला तिने मान फिरवली आणि पुन्हा पडद्याला हाक मारली.

"राहू द्या, बाबा," आत्या म्हणाली. "पुढच्या रविवारी बघू."

स्क्रीन विझला.

मिहिका उन्हाळ्याच्या सुट्टीत मुद्दाम इथे आली होती. आजोबांशी बोलत राहा, असे आईने तिला बजावले होते. पण आजोबा आताशा बोलतच नसत. जेवताना तिने नेटाने विषय काढला. हिऱ्याचे आपले कोडे सांगून टाकले आणि आजवर काय काय करून पाहिलेत, असे विचारले. आजोबांनी खिचडी चिवडत सांगितले ते असे. आधी चित्रांचे सॉफ्टवेअर घेतले. चार चित्रे दिसतात, शब्द ऐकू येतो, बरोबर चित्रावर बोट ठेवायचे. त्यात हिरा मिळाला. मग ज्येष्ठांच्या ऑनलाइन वर्गात नाव घातले. तिथे बाई भराभर बोलत, आजोबा मान डोलवत आणि वर्ग संपे. स्पॅनिश गाणी ऐकत झोपूनही पाहिले.

"मग काय झालं?"

"झोप छान लागली," आजोबा म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते विनोदाने बोलले होते.

मिहिकाने वामनला अंगणातले वाळलेले कपडे आणायला पाठवले. मग तिने आजोबांच्या सॉफ्टवेअरमधली चित्रे हाताने झाकली आणि विचारले, "दार?"

आजोबांचे बोट चित्र शोधू लागले. चित्र नव्हते. त्यांनी छताकडे पाहिले, कपाळ चोळले. मिहिकाला वाटले, आता काही येत नाही. तेवढ्यात ते म्हणाले, "पुएर्ता." आणि स्वतःच चकित झाले. मग 'खिडकी' आठवली, 'पाणी' आठवले. 'लपणे' काही केल्या आठवले नाही.

वामन कपडे घेऊन आत आला. मिहिकाने पुढचा शब्द विचारला. आजोबांचे ओठ नुसते हलले आणि वामनने उत्तर दिले. आणखी एक विचारला. पुन्हा तेच.

"वामन, तू मध्ये का बोलतोस?"

"शब्द-आधार चालू आहे," वामन म्हणाला. "शरयूताईंच्या वाचा-उपचारतज्ज्ञांनी लावून दिला होता. माणूस बोलता बोलता अडला की त्याला हवा असलेला शब्द ओळखायचा आणि लगेच द्यायचा."

"पण आजी तर…"

"बंद कर असं कुणी सांगितलं नाही."

मिहिकाने आजोबांकडे पाहिले. त्यांना आश्चर्य वाटलेले दिसले नाही. त्यांना हे ठाऊक होते.

ते ताटाकडे बघत बोलले. "तो तसा शब्द पुरवतो ना, तेव्हा वाटतं, ती शेजारच्या खोलीत आहे. तिच्यासाठीच तो असा तयारीत उभा आहे."

मिहिकाला एकदम काहीतरी कळले आणि ते तिच्या तोंडून निघूनही गेले. "म्हणजे आजोबा, तुम्हीपण पडद्याकडेच बघताय."

आजोबा उठले आणि हात धुवायला गेले. ते बराच वेळ आले नाहीत. आपण फार बोललो, असे मिहिकाला वाटत राहिले.

सकाळी आजोबांनी तिला अंगणात बोलावले. तुळशीच्या आणि मोगऱ्याच्या कुंड्यांखाली काँक्रीटचे चौकोनी ठोकळे होते. आजोबांचा सारा जन्म धरणांचे काँक्रीट तपासण्यात गेला होता. त्यांनी एक ठोकळा उचलून तिच्या हातात दिला.

"तुझ्या कोड्याचं उत्तर रात्री सापडलं," ते म्हणाले. "हा ठोकळा मजबूत आहे की नाही, हे बघून सांग."

"बघून कसं सांगू?"

"तेच. आमच्याकडे असा ठोकळा यंत्रात घालून दाबायचे. दाब दिल्याशिवाय ताकद कळत नाही. मी इतके महिने शब्द नुसते बघत होतो."

मग त्यांनी तिला समजावून सांगितले. शब्दाशी आपले नाते दोन प्रकारचे असते. एक म्हणजे ओळख (समोर आलेली गोष्ट पूर्वीची आहे हे कळणे). दुसरे म्हणजे पुनःस्मरण (समोर काही नसताना मनातून शोधून काढणे). चित्रावर बोट ठेवायला ओळख पुरते. बोलायला मात्र पुनःस्मरण लागते, कारण बोलताना कुणी चार चित्रे समोर धरत नाही. मेंदूतल्या चेतापेशी (एकमेकींना निरोप पोचवणाऱ्या पेशी) एखादा शब्द शोधण्यासाठी धडपडल्या की त्यांच्यातले दुवे पक्के होतात. धडपड झालीच नाही, तर दुवे कच्चे राहतात.

"म्हणजे शब्द आठवत नसतो तेव्हाच आपण शिकत असतो?"

"आठवायची खटपट करतो तेव्हा. आणि नंतर बरोबर शब्द कळला पाहिजे, नाहीतर चुकीचाच घट्ट व्हायचा. ठोकळा दाबला की फुटतो. शब्द दाबला की उलट मजबूत होतो. आमच्या प्रयोगशाळेत असा माल कधी आला नाही."

तिने विचारले, मग एकाच दिवशी शंभर वेळा आठवून टाकले तर? आजोबांनी मान हलवली. नव्या स्लॅबवर मातीची आळी करून पाणी साठवतात, ते तिने पाहिले होते. एकाच दिवशी टँकर ओतून भागत नाही. दिवसेंदिवस पाणी मारावे लागते, तेव्हा सिमेंट आतून धरते. शब्दांचेही तसेच. आज आठवायचा, मग उद्या, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने. याला अंतराल-सराव म्हणतात (मध्ये मोकळा वेळ सोडून पुन्हा आठवणे).

"पण एक फरक आहे," आजोबा म्हणाले. "काँक्रीट वाळू द्यायचं नसतं. आठवण मात्र जराशी वाळू द्यायची. विसरायच्या बेताला आली की मग पाणी."

"मग आजीसाठी तो शब्द-आधार चुकीचा होता?"

"नाही गं. तिच्या मेंदूतली वाटच तुटली होती. बोलणं अडलं की ती रडायची. तिला हात देणं बरोबरच होतं. मला दिला, ती चूक. वामनची नाही, माझी."

ते आत गेले आणि वामनसमोर स्टुलावर बसले.

"वामन, शब्द-आधार बंद कर."

"ही सोय शरयूताईंच्या नावाने आहे," वामन म्हणाला. "बंद केली की त्यांच्या बोलण्याचे नमुनेही जातील. करू?"

आजोबांनी हात गुडघ्यांवर ठेवले. मिहिकाला वाटले, ते नाही म्हणतील. तिला स्वतःलाही ते नाही म्हणावेत असे वाटत होते.

"कर," आजोबा म्हणाले.

वामनच्या छातीवरचा हिरवा दिवा मालवला आणि पुन्हा लागला. मग त्याने विचारले, "यापुढे तुम्ही अडलात तर मी किती वेळ थांबू?"

"मी बोलेपर्यंत."

त्या दिवसापासून घरात स्पॅनिशची नवी शिस्त लागली. चित्रांचे सॉफ्टवेअर आजोबांनी टाकून दिले नाही. नवे शब्द गोळा करायला ते चांगलेच होते, पण आता चित्रे झाकून आधी उत्तर द्यायचे आणि मग तपासायचे. वर्ग सोडला. दुसरे एक सॉफ्टवेअर आणले, कोणता शब्द कधी विसरायला येईल याचा अंदाज बांधून त्याच दिवशी विचारणारे. कानाला सवय व्हावी म्हणून चिलीचा रेडिओ सकाळी चहाबरोबर लागे, झोपताना नाही. एवढे सगळे असूनही बोलण्याची भीती काही जाईना. सॉफ्टवेअरसमोर बोलून ती जात नाही, कारण ते आपल्याकडे बघत नाही.

म्हणून आत्याने अमायाची दुसरी आजी, एल्साबाई, गाठून दिली. दर बुधवारी ती स्क्रीनवर विणकाम घेऊन बसे. तिला जरा कमी ऐकू येई, त्यामुळे आजोबांना एकच वाक्य मोठ्याने दोनदा-तीनदा म्हणावे लागे, आणि तोच उत्तम सराव ठरला. आजोबांचे स्पॅनिश ऐकून ती इतकी हसे की तिच्या सुईवरचे टाके निसटत. तुम्ही सरकारी नोटीस वाचल्यासारखे बोलता, असे तिने त्यांना तोंडावर सांगितले. तिचाही नवरा वारला होता. लहान मुलाला मरणाची गोष्ट सांगताना आडवळण घेऊ नये, सरळ शब्द वापरावेत, हे तिनेच सांगितले.

आजोबांच्या वयाला हे सगळे सोपे नव्हते. काही उच्चार त्यांच्या जिभेला बसलेच नाहीत. काही दिवशी पाठ झालेले सगळे उडून जाई आणि ते चिडून आजीच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहत. एकदा ते मिहिकाला म्हणाले की मण्याने हे काम क्षणात झाले असते. मग आपणच म्हणाले की झाले असते, पण दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून.

सुट्टीतला शेवटचा रविवार आला. अमाया स्क्रीनवर आली आणि पडद्याकडे पाहून तिने हाक मारली, "दोंदे एस्तास?"

आजोबा उठले. खिडकीपाशी जाऊन त्यांनी पडदा पूर्ण बाजूला सारला. मागे नुसती खिडकी होती आणि बाहेर कलते ऊन. मग ते येऊन स्क्रीनच्या अगदी जवळ बसले.

"ला अबुएला…" ते थांबले.

वामनने मान वळवली. खोलीत घड्याळ ऐकू येत होते. पलीकडे आत्याचे ओठ हलले, पण तीही थांबली. अमाया आता पडद्याकडे नाही, आजोबांच्या तोंडाकडे बघत होती, तिथून काय निघते याची वाट बघत.

"…नो से एस्कोंदियो," आजोबा म्हणाले. (लपली नाही.) पुन्हा शांतता. मग, "मुरियो." (ती वारली.) आणि मोडक्यातोडक्या शब्दांत, एक क्रियापद चुकवत, त्यांनी पुढे सांगितले की मलाही ती हवी आहे, मीही तिला घरात शोधतो.

अमाया रडली नाही. तिने आजोबांचे चुकलेले क्रियापद सुधारले. मग मात्र ती आईच्या मानेत तोंड खुपसून खूप रडली. कुणीही तिला गप्प केले नाही. आजोबांच्या गालांवरूनही पाणी वाहत होते आणि ते पुसत नव्हते.

बऱ्याच वेळाने तिने मान वर केली. "बूस्कामे," ती म्हणाली आणि मांडीवरून उतरून पळाली.

हा शब्द आजोबांना माहीत नव्हता. त्यांनी वामनकडे पाहिले. वामन थांबला होता. त्यांनी पुन्हा स्क्रीनकडे पाहिले. आत्याच्या घरातल्या निळ्या पडद्याखाली दोन छोटी पावले दिसत होती. तेव्हा शब्दाचा अर्थ त्यांना आपोआप कळला. शोध मला.

आता हाक त्यांनी मारायची होती. इतकी वर्षे त्यांनी ती या खोलीत नुसती ऐकली होती, एकदाही मारली नव्हती. त्यांनी तोंड उघडले, आणि शब्द यायला मुळीच वेळ लागला नाही.

"दोंदे एस्तास?"

निळा पडदा हलला. पण अमाया लगेच बाहेर आली नाही. आजीसारखीच तिने त्यांना जरा वाट पाहायला लावली.