माझ्या मुलीची अ‍ॅडमिशन

कॉलेजच्या दारात उभ्या असलेल्या पोरीने माझ्याकडे एकदा पाहिलं, गोड हसली, आणि काही न विचारता 'पालक' असं छापलेलं स्टिकर माझ्या खांद्याखाली चिकटवून मोकळी झाली. तिचा तरी काय दोष? पत्रकारितेच्या पदवीची माहिती घ्यायला आलेली बाकीची मंडळी सतरा-अठराची, आणि मी अडतीसची. कानाजवळचे चार पांढरे केस त्या दिवशी मुद्दाम वैर साधल्यासारखे चमकत होते. मी म्हणणार होते, अगं बाई, विद्यार्थी मीच— पण मागून रांग पुढे सरकली आणि वाक्य घशातच राहिलं.

बाहेर भुरभुर पाऊस होता. हॉलमध्ये ओल्या छत्र्यांचा वास भरला होता. मी शेवटच्या रांगेत जाऊन बसले. शेजारच्या खुर्चीवर एक गृहस्थ चष्मा पुसत होते. पुसून झाला तरी पुसतच होते. मग तो डोळ्यांवर चढवून त्यांनी माझं स्टिकर वाचलं, आपल्या स्टिकरवर बोट ठेवलं आणि विचारलं, "मुलगा की मुलगी?"

"मुलगी," मी म्हटलं.

झालं! ना डोहाळे, ना कळा, एका शब्दात मला मुलगी झाली. त्यांची मुलगी पुढे मैत्रिणींत बसली होती, दोन वेण्या घातलेली. ते तिला ठमी म्हणत. माझी कुठे आहे असं त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की ती आली नाही, लाजते. हे मात्र अगदीच खोटं नव्हतं.

मी एका वर्तमानपत्राच्या जाहिरात खिडकीवर काम करते. घर भाड्याने देणे, कुत्रा हरवला आहे, आणि सगळ्यात जास्त म्हणजे निधनाच्या जाहिराती. माणसं काचेपलीकडे येऊन उभी राहतात. नाव काय, वय काय, मागे कोण कोण, हे मी विचारते आणि ठरलेल्या चौकटीत बसवते. लोकांना जास्त सांगायचं असतं. एखादी म्हणते, अहो, ते ना रोज सकाळी शिट्टी वाजवत दाढी करायचे, तेवढं घ्या ना. मी म्हणते, बसत नाही हो. मागच्या वर्षी आईचीही मीच बसवली. मागे एक मुलगा, सून, एक मुलगी. आई किती वर्षं अंथरुणावर होती, ती डॉक्टरांची कशी नक्कल करायची, आणि तिच्यासाठी मी पहिल्या वर्षातच कॉलेज सोडलं याचं तिला किती वाईट वाटायचं, यातलं काहीच चौकटीत बसलं नाही. त्या संध्याकाळी ठरवलं की चौकटीबाहेरचं लिहायला शिकायचं. वरच्या मजल्यावर, बातम्या लिहिणाऱ्यांत, पदवीशिवाय घेत नव्हते. म्हणून पदवी.

दादाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "आता या वयात दप्तर पाठीला लावणार?" वर वहिनीने मागून सुचवलं की आमच्याकडेच राहायला ये, मुलांनाही आत्या मिळेल. दादा वाईट नाही. फक्त कपाट जसं ठेवलं तिथेच राहतं, तशी त्याला बहीण वाटते.

तर ते गृहस्थ चष्म्याच्या दुकानाचे मालक निघाले. डोळेही स्वतःच तपासतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, लेकीला त्यांनीच वाढवलं होतं. मी मनात त्यांना चष्मेवाले म्हणायला लागले. सभेत सगळ्यांनी नोकऱ्यांबद्दल विचारलं. चष्मेवाल्यांनी हात वर करून विचारलं की मुलं दुपारी जेवतात कुठे. हॉल हसला. मी हसले नाही.

त्यांनी माझा नंबर घेतला. म्हणाले, दोघांनाही तेच बघायचंय, तर मिळून बघू. मग आम्ही मिळून कॉलेजं पालथी घातली, आणि बोलता बोलता माझी जाहिरात खिडकी आणि आईच्या आजारपणात गेलेली वर्षं मी त्यांना सांगून टाकली. निवडायला होतं तरी काय! गावातल्या कॉलेजात संध्याकाळचे वर्ग होते, नोकरी सांभाळून चार वर्षं. दुसरी घरबसल्या पदवी होती, पुस्तकं टपालाने येणार आणि परीक्षा तेवढी जाऊन द्यायची. आणि तिसरं कॉलेज दूरच्या शहरात, पूर्ण वेळचं. तिथे कामाचा अनुभव धरून एक वर्ष माफ करत आणि पहिल्या महिन्यापासून मुलांना रस्त्यावर बातम्या आणायला पाठवत. त्या कॉलेजचं माहितीपत्रक मी घरी चार-चारदा वाचत होते.

"तुमच्या मुलीला घरबसल्या पदवी देऊ नका," एकदा कॉफी पिताना चष्मेवाले म्हणाले.

"का?"

"ती आधीच एकटी असते, म्हणालात ना."

म्हणाले होते खरी. तीच तर पंचाईत होती. त्या मुलीबद्दल मला धड खोटं बोलताच येत नव्हतं. तिला मैत्रिणी नाहीत, त्यांची लग्नं होऊन त्या पांगल्या... म्हणजे, दुसऱ्या शाळेत गेल्या. ती ताट घेऊन खिडकीत बसते. समोरच्या बिऱ्हाडात जेवणं सुरू झाली की मगच पहिला घास घेते, म्हणजे एकटीने जेवल्यासारखं वाटत नाही. स्वतःबद्दल जे मी सख्ख्या भावाला सांगितलं नव्हतं, ते तिच्या नावावर मी या माणसाला घडाघडा सांगत होते.

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग साखरेचं भांडं माझ्याकडे सरकवत म्हणाले, "दोघी एकाच वर्गात आल्या तर बरं. माझी ठमी कुणाला एकटं जेवू देत नाही."

इतक्या वर्षांत मी कशी जेवते याची कुणी पहिल्यांदाच काळजी केली होती, आणि ती माझ्या वाट्याला येतच नव्हती! मला माझ्याच मुलीचा हेवा वाटला.

"आणि तुमचे डोळे तपासून घ्या," ते म्हणाले. "ते पत्रक केवढं लांब धरलंय."

"हातच लांब आहेत माझे."

"डोळ्यांवरून वय कळतं, बरं का."

"मग बघू नका माझ्या डोळ्यांत."

"ते आता कसं जमायचं..." असं बोलून गेले आणि स्वतःच गोंधळून चमचा ढवळत बसले. कप रिकामा होता.

त्या दिवशी मी घरी गाणं गुणगुणत जिने चढले. कुलूप उघडल्यावर मात्र गाणं बंद पडलं. घरात फ्रीजचा आवाज, आणि मी.

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला की ठमीला माझ्या मुलीला भेटायचंय. आधी मी मुलीला ताप आणला. मग परीक्षा आणली. मग तिला मामाकडे धाडलं. मामा आणल्यावर माझी मलाच लाज वाटली आणि मी फोन घेणंच बंद केलं. फोन वाजायचा, मी त्याच्याकडे बघत बसायचे. काही दिवसांनी तो वाजायचाही थांबला. खरं सांगते, आई गेल्यावरसुद्धा घर इतकं गप्प झालं नव्हतं.

गावातल्या कॉलेजची मुलाखत आली. व्हरांड्यात बाकांवर मुलं आणि आईबाप बसले होते. मी बसले आणि समोर पाहते तर ठमी आणि चष्मेवाले. त्यांनी मान हलवली आणि ते इकडेतिकडे पाहू लागले— मुलगी कुठे आहे ते शोधत होते, बिचारे. तेवढ्यात कारकुनाने माझं नाव पुकारलं.

मी उभी राहिले. तो म्हणाला, "तुम्ही नका येऊ बाई, मुलीला पाठवा."

"मुलगी नाही," मी म्हटलं. "मीच आहे."

अख्खा व्हरांडा वळून बघायला लागला. मला फक्त एक चेहरा दिसला.

मुलाखत बरी झाली. इतक्या उशिरा का, असं विचारलं, तर मी शिट्टी वाजवत दाढी करणाऱ्या माणसाची गोष्ट सांगितली. बाहेर आले तर ठमी आत निघाली होती आणि चष्मेवाले जिन्याशी उभे होते.

"मुलगी नाहीच?"

"नाही."

"मग इतके दिवस मी कुणाची काळजी करत होतो?"

उत्तर माझ्याजवळ होतं. पण मी तोंड उघडेपर्यंत ते जिना उतरून गेले.

पुढे झालं असं की दोन्हीकडून होकार आले, गावातल्या कॉलेजचाही आणि टपालाने अर्ज पाठवला होता त्या दूरच्याचाही. दादा म्हणाला, गावातलं घे, नोकरी सोडायचा वेडेपणा करू नकोस. बोलणं शहाणपणाचं होतं. शिवाय गावातल्या कॉलेजच्या वाटेवर चष्म्याचं एक दुकान लागत होतं. ज्या माणसाचा फोनही येत नाही, त्याच्या दुकानावरून रोज जायला मिळावं म्हणून मी पदवी निवडायला निघाले होते! हे ध्यानात आलं तेव्हा स्वतःचाच असा राग आला की बोलता सोय नाही. काय ते एकदा तोंडावर बोलून टाकायचं, असं ठरवून कॉलेजला कळवायच्या आदल्या संध्याकाळी मी दुकानात गेले.

काउंटरवर ठमी होती. तिने मला ओळखलं. "काकू, बरं झालं आलात," ती हळूच म्हणाली, "बाबा हल्ली फार चिडचिड करतात. तुम्हीच बघा." आणि काहीतरी आणायचंय म्हणत निघून गेली.

"डोळे तपासायचेत," मी म्हटलं.

त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं, दिवा मालवला, समोर अक्षरांचा तक्ता उजळला. माझ्या नाकावर लोखंडी चौकट ठेवली, एका डोळ्यावर काळी झाकणी. चौकटीची काडी कानामागे अडकवताना त्यांची बोटं केसांना लागली... आणि चटकन मागे गेली.

"खालची ओळ वाचा."

"माझी काळजी करत होतात," मी म्हटलं. "माझीच."

भिंगाची पेटी खडखडायची थांबली. "ते मला त्याच दिवशी जिना उतरताना कळलं."

"मग रागावलात कशाला?"

"रागावलो नाही. लाजलो." ते अंधारात माझ्याकडे पाठ करून उभे होते. "रोज जेवताना मनात यायचं, त्या पोरीने घास घेतला असेल का. आणि ती पोर म्हणजे तुम्ही निघालात. ठमीची आई गेल्यापासून कुणासाठी मी असा हातातला घास थांबवला नव्हता."

"मला तुम्ही आवडता," मी बोलून टाकलं. नाकावर लोखंड, एक डोळा झाकलेला. या अवतारात कुणी प्रेमाची कबुली देऊ नये.

ते वळले. अलगद झाकणी काढली आणि म्हणाले, "आता परत म्हणा."

मी परत म्हटलं.

मग त्यांनी विचारलं की कॉलेज कुठलं ठरलं. मी म्हटलं, थांबा म्हणालात तर इथलं.

ते स्टुलावर बसले. "थांबा म्हणायला जीभ शिवशिवतेय," ते म्हणाले. "पण नाही म्हणणार. इथे राहिलात तर दिवसभर खिडकीवर बसाल आणि संध्याकाळी वर्गात पेंगाल. आईसाठी इतकी वर्षं थांबलात, तो तुमचा जीव होता तिच्यावर. त्यात माझी भर नको. त्या दूरच्या कॉलेजबद्दल बोलताना तुमचा चेहरा कसा होतो, ते तुम्हाला दिसत नाही. मला दिसतं."

मला रडू फुटलं. थांब म्हणाला असता तर किती सोपं होतं! उद्या काही बिनसलं असतं तर दोष द्यायला माणूस तरी होता.

"तिकडे एकट्या पडाल," ते म्हणाले.

"सवय आहे."

"ती सवयच मला मोडायची आहे."

शेवटी डोळेही तपासून झाले. निघताना मी विचारलं की चष्मा उद्या मिळेल का. म्हणाले, नाही, वेळ लागेल. मी म्हटलं, बाहेर तर पाटी लावलीय, तासाभरात चष्मा. "ती गिऱ्हाइकांसाठी," ते म्हणाले. "तुमचा मी आणून देईन."

नवं शहर मोठं होतं आणि तिथे माझं कुणी नव्हतं. वर्गातली मुलं चांगली होती, पण मला मॅडम म्हणायची आणि मी जवळ गेले की त्यांचे विनोद मध्येच थांबायचे. खोलीची खिडकी भिंतीकडे उघडायची, समोर कुणाचं बिऱ्हाडही नव्हतं. पहिल्या आठवड्यात एकदा बॅगसुद्धा भरली होती, सांगते. मग पहिला लेख लिहायला मिळाला. रस्त्यावरचं एक माणूस गाठायचं आणि त्याच्याबद्दल हवं तेवढं लिहायचं. मी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या बाईपाशी दोन संध्याकाळ बसले. लिहायला लागले तर पानं संपेनात. बॅग पुन्हा रिकामी केली.

रविवारी चष्मेवाले आले. रात्रभर बसमध्ये बसून, चुरगळलेल्या शर्टात, बस स्थानकावर उतरले. मी हात पुढे केला. त्यांनी एक खिसा चाचपला. दुसरा चाचपला. पिशवी उलटी केली.

"चष्मा टेबलावरच राहिला," ते म्हणाले. कान लालबुंद.

खरंच विसरले होते की नाही, हे मी अजून विचारलेलं नाही. म्हटलं, आता हो? म्हणाले, आता पुढच्या रविवारी परत यावं लागणार.

दिवसभर फिरलो, जेवलो. परतीच्या बसला वेळ होता म्हणून बाकावर बसून त्यांनी माझा लेख मला वाचून दाखवला. हळू वाचतात ते, प्रत्येक शब्द नीट. आजूबाजूला बसची घोषणा चालू होती, लोक पळत होते, आणि माझी वाक्यं दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. वाचून झालं. त्यांनी कागदांची जपून घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली, मग ते बसमध्ये चढले आणि खिडकीतून हात हलवत राहिले. बस वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा आठवलं की तो लेख उद्या वर्गात द्यायचा होता.

खोलीवर आले, दिवा लावला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहायला बसले.