कमळाचा हुंकार

रत्नागिरीत एक दवाखाना होता, दवाखान्यात एक वॉर्ड होता, नि त्या वॉर्डात बुरोंडीचा भिकाजी खलाशी निजून होता. बायको कमळा मागंच देवाघरी गेलेली. लेक एकुलती, गंगा. तिनं देवरूखकडच्या अनिल नावाच्या शेतकऱ्याशी परस्पर लग्न केलं, तेव्हापासून भिकाजी म्हणायचा, मला मूल नाही. आईच्या मयतालासुद्धा त्यानं तिला उंबऱ्याच्या आत घेतली नव्हती. आता ती रोज एसटीनं यायची, पेजेचा डबा सिस्टरच्या हाती द्यायची, बाहेर बाकावर बसून राहायची नि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. बाप पेज प्यायचा. कोणी आणली ते विचारायचा नाही. म्हातारा असाच गेला तर, एवढाच घोर गंगेला लागलेला.

त्या वॉर्डात रोग हटत नाही, दुखणं तेवढं हलकं करतात. तिथं दुपारच्याला गोष्टी लिहायचा रिवाज पडला होता. ज्याच्या हातात बळ त्यानं लिहावं, नसेल त्यानं सांगावं नि सिस्टरनं उतरून घ्यावं. दिशा सिस्टरला आधी वाटलं, कामात आणखी काम. पण रिकाम्या होणाऱ्या खाटा तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या, घरी घास गिळवत नव्हता. लिहायला लागली, तशी तिची झोप परत आली.

त्या दुपारी ती भिकाजीच्या उशाशी बसली. वीज गेलेली, पंखा थांबलेला. शेजारची खाट सकाळीच रिकामी झालेली, मधला हिरवा पडदा ओढलेला. भिकाजीनं सुरुवात केली, एक होता तांडेल, होडीचा म्होरक्या, नि त्याची होती एक पोर. आणि थांबला.

"हूं कोण म्हणणार?" तो कुरकुरला. "मी काय भिंतीशी बोलतोय?"

दिशाला काही कळेना. मग त्यानं समजावलं, आमच्यात ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो. हुंकार येतोय तोवर सांगणाऱ्यानं गोष्ट सोडायची नाही. सोडली तर गोष्टीतलं माणूस वाटेतच राहतं, कधी घरी पोचत नाही. कमळा असा हुंकार द्यायची, की गोष्ट वल्ह्यावाचून पुढं सरकायची.

दिशा हूं म्हणू लागली. तांडेलाची पोर वाढली, तिनं परगावचा नवरा केला, बापानं दार लावून घेतलं, पोर काळोखात खाडीच्या काठी उभी राहिली. इथं भिकाजीनं तोंड भिंतीकडं वळवलं.

"झाली गोष्ट," तो म्हणाला.

दिशानं पेन खाली ठेवलं.

"हूं..."

आवाज पडद्यामागून आला. दिशाला वाटलं, कोणी नवीन पेशंट आणला. तिनं उठून पडदा सारला. खाट उघडीच होती, गादी गुंडाळलेली. पण वास येत होता सुरंगीच्या वळेसराचा, डोक्यात माळलेल्या ताज्या फुलांचा, नि सुरंगीचा हंगाम तर केव्हाच सरलेला. खिडकीबाहेर कावळे ओरडत होते, तेही गप्प झाले.

ती येऊन बसते न बसते, तोच पुन्हा. आता उशाजवळून.

"हूं... मग?"

भिकाजीनं डोळे मिटले. चोरी पकडली गेल्यावर माणसाचं होतं तसं त्याचं तोंड झालं.

"कमळे, जाऊ दे गो... दमलो मी."

"...मग?"

दिशा ताडकन उठली. तिला पळावंसं वाटलं, पण म्हाताऱ्यानं तिचं मनगट धरलं.

"लिही बाय," तो हळूच म्हणाला. "ही काय सोडायची नाय. जिती होती तेव्हापण सोडायची नाय."

मग तांडेल कंदील घेऊन बाहेर पडला. पायाखाली चिखल, खाडीला भरती चढलेली. हाक मारावी तर जीभ उचलेना. दिशा लिहीत होती, नि तिच्या खांद्यामागून दर वाक्याला हुंकार येत होता, जरा ओलसर, जरा घाईचा. तांडेल काठावर पोचला. पोरीच्या तोंडावर उजेड पडला. तो म्हणाला... आणि भिकाजी अडकला. हुंकारही थांबला.

"म्हणाला... चल गो गंगे, घरी."

तोवर गोष्टीतल्या पोरीला नाव नव्हतं. दिशा उठली ती थेट बाकाकडं धावली.

गंगा आत आली नि खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. पुढं यायची हिंमत होईना. भिकाजी तिच्याकडं बघत राहिला, मग म्हणाला, "पेजेत मीठ कमी घालतेस. आईची खोड नेमकी उचललीस." गंगा रडता रडता हसली, नि बापाचे पाय पोटाशी धरून बसली.

पुढं दुखणं आटोक्यात आलं, तशी डॉक्टरांनी औषधं बांधून देऊन भिकाजीला घरी सोडला. अनिल नि गंगा त्याला बुरोंडीला घेऊन आली. बंद घर उघडलं, अंगण सारवलं, तुळशीपुढं दिवा लागला. जावई भाताच्या खाचरातला, होडीत पाय ठेवला की पांढरा पडतो, नि सासरा त्याची थट्टा करून चार घास जास्त जेवतो. किती दिवस उरलेत ते कोणी मोजत नाही.

संध्याकाळी पडवीत गोष्ट होते. गंगा हूं म्हणते, अनिल हूं म्हणतो, नि मग आणखी एक हुंकार येतो. कोणी मागं वळून बघत नाही. गंगा आपली थोडी सरकून बसते, एका माणसापुरती जागा ठेवून.